जाड तार घेऊन काय होईल? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ल्यूटवर, म्हणजे जुन्या युरोपातल्या बोटांनी छेडायच्या तंतुवाद्यावर, तातीच्या तारा चढवण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं की मेंढीच्या आतड्याच्या तारांचा आग्रह म्हणजे निव्वळ जुन्याचं वेड आहे. नायलॉन स्वस्त, टिकाऊ आणि ऐकायलाही तेवढंच चांगलं. शिवाय ‘पहिली तार तुटण्याच्या जरा अलीकडे आणून ठेवा’ हा माझा सल्ला तुम्हाला अशास्त्रीय वाटतो. तो ऐकून तुमच्या ६३ सेंटिमीटरच्या ल्यूटवरची तार पुन्हा पुन्हा तुटली आणि आता तुम्ही जाड तार मागवताय. मुंबईच्या पावसात हे सगळं सांभाळायचं कोणी, हेही विचारलंत.

जाड तार मागवू नका. तीही त्याच सुरावर तुटेल.

हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही, पण हिशोब सरळ आहे. तारेची जाडी दुप्पट केली की तिची ताकद चौपट होते, पण वजनही चौपट होतं, आणि तोच सूर काढायला ताणही चौपट लागतो. ताकद आणि ताण बरोबरीनेच वाढतात, त्यामुळे पदरात काहीच पडत नाही. तार कुठे तुटणार हे ठरतं तिच्या लांबीवर, सुरावर आणि ती कशाची आहे त्यावर. चांगल्या तातीसाठी मीटरमधली लांबी गुणिले कंपनसंख्या हा गुणाकार २५० ते २६० च्या आसपास गेला की तार जाते. तुमच्या तारेची लांबी ०.६३, आणि ट्यूनर आजच्या प्रमाण पट्टीवर, म्हणजे ४४० वर, ठेवून तुम्ही पहिली तार ‘जी’ या सुराला लावता, म्हणजे सेकंदाला ३९२ कंपनं. गुणाकार २४७. कड्याच्या अगदी टोकावर. ६० सेंटिमीटरच्या ल्यूटवर तोच सूर २३५ वर येतो, आणि तिथे तार सुखाने राहते.

लंडनमध्ये १६०३ साली छापलेल्या आपल्या शिकवणीच्या पुस्तकात थॉमस रॉबिन्सन हेच सांगतो: आधी पहिली तार तुटण्याच्या भीतीने हात थांबेल तिथवर चढवा, मग बाकीच्या तिच्यावरून लावा. म्हणजे सूर तारेने ठरवायचा. तुम्ही तो ट्यूनरला ठरवू दिलात. एकटा वाजवणाऱ्याला ४४० चं बंधन कशाला? आपल्याकडे तर गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे तानपुऱ्याची पट्टी बदलते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. एवढं टोकाला जायचंच कशाला, आखूड ल्यूट बांधून निवांत का राहू नये? कारण खर्जाच्या तारा. ल्यूटच्या तारा जोडीजोडीने लावतात. सहा जोड्यांच्या ल्यूटवर वरपासून खालपर्यंत दोन सप्तकांचं अंतर असतं आणि सगळ्या तारांची लांबी एकच. पहिली तार ०.४ मिलिमीटर असेल, तर तेवढ्याच ताणावर दोन सप्तकं खाली बोलायला तात चौपट जाड लागते, १.६ मिलिमीटर. ती आखूड केली तर आणखी जाड लागते. इतकी जाड तात ताठर होते, नीट कंप पावत नाही, आवाज मुका येतो. म्हणून कारागीर वाद्य पहिल्या तारेला झेपेल तेवढं लांब करत, आणि तरीही खर्ज मंद वाटे म्हणून शेजारी एक सप्तक वरची बारीक तार जोडत. थिओर्बोकडे, म्हणजे ल्यूटच्या लांब दांडीच्या भावंडाकडे, बघा. खर्जासाठी ते वाद्य इतकं लांबवलं की वरच्या एक-दोन तारांना मूळ सूर गाठणंच अशक्य झालं, आणि त्या चक्क एक सप्तक खाली लावाव्या लागल्या. वाद्याची लांबी, तारांच्या जोड्या, लावण्याची पद्धत, हे सगळं तात कुठे तुटते त्यावरून आलेलं आहे. म्हणून माझा आग्रह.

वाद्याची बांधणीही तशीच हलकी. मागचा फुगीर भाग बघा, दीडेक मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या. तारांखालची स्प्रूस लाकडाची तबलीही साधारण तेवढीच पातळ. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कितीतरी ल्यूट गिटारच्या अंगाने बांधली गेली, जाड लाकडात, धातूचे पडदे ठोकून, आणि ती दबक्या आवाजाची निघाली. संग्रहालयांतली जुनी वाद्यं नीट मोजली गेली तेव्हा कुठे हा हलकेपणा परत आला. पडदेही मुळात तातीचेच, दांडीला बांधलेले, सतारीच्या पडद्यांसारखे सरकवता येणारे.

‘ऐकायला तेवढंच चांगलं’ याबद्दल एक करून बघा. डाउलंड या जुन्या इंग्रज ल्यूटवादकाची कुठलीही पावान, म्हणजे संथ नाचाची रचना, घ्या आणि धातूची तार गुंडाळलेल्या आधुनिक खर्जाच्या तारांवर वाजवा. खालचा सूर पुढच्या दोन-तीन स्वरांवर पसरून राहतो, मधले आवाज त्याखाली बुडतात, आणि अंगठ्याने तो सारखा दाबावा लागतो. शेजारची सप्तकाची तारही वेगळी, टोचल्यासारखी ऐकू येते. तातीचा खर्ज लवकर विरतो, ती बारीक तार त्यात मिसळते, आणि तिन्ही-चारही आवाज आपापल्या वाटेने चालताना कळतात. ते संगीत याच कानांसाठी लिहिलेलं आहे.

पावसाचा मुद्दा खरा आहे. तात ओल शोषते, फुगते, सूर हलतो. सारंगीच्या मुख्य तीन तारा आजही तातीच्याच असतात आणि सारंगियांनी या हवेतच आयुष्यं काढली, पण त्यांचा हात आणि सवय आपल्याजवळ नाही. जून ते सप्टेंबर मी स्वतः वरच्या तारा नायलगटच्या लावतो. ती कृत्रिम तार आहे, पण घनता तातीच्या जवळची, त्यामुळे जाडी आणि ताणाचा हिशोब मोडत नाही. साधं नायलॉन हलकं, म्हणून त्याच सुराला आणि ताणाला जास्त जाड घ्यावं लागतं आणि वरच्या सुरांतली धार जाते. आतडं नकोच असेल, तर तेवढं कारण मला पूर्ण मान्य आहे. मग बाराही महिने नायलगट वापरा.

तुमच्या वाद्यासाठी: ट्यूनर ४१५ वर आणा. पहिली तार ३७० कंपनांवर येईल, गुणाकार २३३. तीच ०.४ ची तात ठेवा. नवी चढवण्याआधी खुंट्यांजवळच्या पट्टीची खाच बोटाने तपासा, कड धारदार लागली तर बारीक पॉलिश पेपरने गोल करा आणि खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. तार नेमकी तिथेच तुटत असेल तर कळवा. मग दोष खाचेचा आहे, सुराचा नाही.