चालतं बिऱ्हाड, तरंगता मुक्काम

कॅम्परव्हॅनच्या जाहिरातीत एक जोडपं असतं. गाडीचं मागचं दार उघडं, समोर निळं तळं, हातात कॉफीचे मग. संडासाची कॅसेट, म्हणजे त्याची टाकी, कोण रिकामी करतं ते दाखवत नाहीत. मी करतो.

न्यूझीलंडने 2023 साली कायदाच केला. नगरपालिकेच्या मोकळ्या जागेत गाडी लावून फुकट झोपायचं, तर बहुतेक ठिकाणी संडास गाडीतच पक्का बसवलेला हवा. संडास पक्का, त्याची टाकी मात्र सुटी. ती डम्प स्टेशनवर नेऊन स्वतःच्या हाताने ओतायची. बायकोने कामांची वाटणी पहिल्याच दिवशी जाहीर केली होती : "मी स्वयंपाक बघते, तुम्ही बाकीचं." घरातून बाहेर पडायचं म्हणून रजा काढायची आणि घरच चाकांवर घालून बरोबर न्यायचं! दूध इथेही उतू जातं, फक्त ते थेट गादीवर जातं.

म्हणून मानापौरी गावात गाडी लावून रात्रभर मुक्कामाच्या बोटीकडे निघालो तेव्हा मला मनापासून आनंद झाला. बोटीवरही संडास होता, पण ती दुसऱ्या कुणाची तरी काळजी होती.

डाउटफुल साउंड या फियॉर्डला, म्हणजे उभ्या कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीला, आपली गाडी घेऊन जाताच येत नाही. आधी मानापौरी तळं लाँचने ओलांडायचं, मग बसने विल्मट खिंड. हा 22 किलोमीटरचा रस्ता देशातल्या दुसऱ्या कुठल्याच रस्त्याला जोडलेला नाही. साठच्या दशकात डोंगराच्या पोटातल्या वीजकेंद्राची अवजड यंत्रं न्यायला तो बांधला. खिंड उतरलं की डीप कोव्ह, आणि तिथे आपली बोट. 1770 मध्ये कॅप्टन कुक या फियॉर्डच्या तोंडाशी आला होता. आत शिरलो तर बाहेर पडायला वारा मिळेल का, अशी त्याला शंका आली. नाव तेवढं ठेवून तो पुढे निघून गेला.

"शहाणा माणूस," बायको म्हणाली. ती तोवर नखशिखान्त भिजली होती.

इथे वर्षातले दोनशेच्या आसपास दिवस पाऊस पडतो. "पाऊस आहे, तुम्ही नशीबवान! आता सगळे धबधबे दिसतील," असं गाइड उत्साहाने सांगत होता. आम्ही सावंतवाडीचे. आंबोलीचे धबधबे आम्हाला एसटीच्या तिकिटात दिसतात. पण पुढे त्याने जे सांगितलं ते आंबोलीला नाही. जंगलातून झिरपत आलेलं पावसाचं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि खाऱ्या पाण्यावर वेगळा थर धरून राहतं. त्या थरामुळे खाली उजेड कमी पोचतो, म्हणून एरवी खोल समुद्रात वाढणारं काळं पोवळं इथे बरंच वर सापडतं. मी भान हरपून ऐकत होतो, तेवढ्यात घोट्याला काहीतरी चावलं.

सँडफ्लाय. दिसायला चिलट, वृत्तीने सावकार. चावते फक्त मादी. माओरी कथेत मृत्युदेवता हिने-नुई-ते-पो हिने या माश्या मुद्दाम सोडल्या, माणसांनी इथल्या सौंदर्याला भुलून मुक्काम ठोकू नये म्हणून. पाहुणे घालवायची याहून खात्रीची युक्ती मी पाहिलेली नाही. चालत्या माणसाला ती सहसा गाठू शकत नाही, त्यामुळे बोट काठाशी थांबली की डेकवरचे सगळे प्रवासी प्रदक्षिणा घालू लागत.

संध्याकाळी कॅप्टनने बोट एका अरुंद फाट्यात नेली. इंजिन, जनरेटर, सगळं बंद केलं. कुणी बोलू नका, फोटो काढू नका, नुसतं ऐका, म्हणाला. उभ्या कड्यांवरून पडणारं पाणी, कुठेतरी एक पक्षी, बाकी काही नाही. माझे डोळे मिटले.

"अहो," कानाशी कुजबुज आली, "व्हॅनचा गॅस बंद केला होतात ना?"

फोनला रेंज नव्हती. मध्ये एक खिंड, एक तळं आणि अख्खी रात्र. मी खिशातली किल्ली चाचपली. तिच्यावरून काय कळणार होतं देव जाणे. पलीकडच्या जर्मन बाई आमच्याकडे रागाने बघत होत्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला आणि त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. तोही खिसे चाचपू लागला.