हो, ११ महिन्यांत नोकरी सोडली

आज दुपारी डेंटल कॉलेजच्या ग्रुपवर एका सिनिअरनी लिहिलं, "आजकालच्या बीडीएसच्या पोरांना नोकरी टिकवता येत नाही. वर्षसुद्धा काढत नाहीत. आम्ही पाच-पाच वर्षं सरांच्या हाताखाली काढली." खाली अंगठ्यांची रांग. नाव कुणाचं घेतलेलं नाही, पण गेल्या पंधरवड्यात नोकरी बदललेली त्या ग्रुपमध्ये मी एकटीच आहे. तिथे उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी इथे लिहितेय. तुम्ही सगळे मला ओळखता.

हो, ११ महिन्यांत सोडली. आठव्या महिन्यातच सोडायला हवी होती.

आठव्या महिन्यात एक दादा आले होते. शाळेची व्हॅन चालवतात, वय ३४. डावीकडची खालची दाढ, आमच्या भाषेत ३६ नंबर. गार पाणी लागलं की सणक जाते, एवढीच तक्रार. ठणका नाही, रात्री झोपमोड नाही. एक्स-रे काढला. कीड होती, पण नसेपासून चांगली लांब. गार स्प्रे मारलेला बोळा दाढेला लावला तर "आई गं" म्हणाले, आणि बोळा काढल्यावर दोन सेकंदांत कळ गेली. थर्ड इयरच्या पोरालाही कळेल याचा अर्थ. नस जिवंत आहे. कीड काढा, दाढ भरा, घरी पाठवा. मी तेच सांगितलं. १२०० रुपये. ते म्हणाले, "लगेच करून टाका मॅडम, मला तीनला शाळेवर पोचायचंय."

तेवढ्यात कोऑर्डिनेटर त्यांना काचेच्या केबिनमध्ये घेऊन गेली. ती डॉक्टर नाही, तिला ३६ म्हणजे कुठली दाढ हेही माहीत नसेल. दहा मिनिटांनी दादा हातात इस्टिमेटचा कागद घेऊन परत आले. रूट कॅनल, म्हणजे आरसीटी, आणि वर कॅप. खुर्चीत बसता बसता त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही तर नुसती भरायची म्हणाला होतात ना?"

आमचे क्लिनिक हेड दारात उभे होते, माझ्याकडे बघत.

मी काही बोलले नाही.

इंजेक्शन दिलं, दाढ उघडली. नस मेलेली असली की वास येतो, कधी पू येतो, कधी आत नुसती कोरडी पोकळी असते. त्या दाढेतून लालभडक ताजं रक्त आलं. बोळा दाबून धरला तर दोन मिनिटांत थांबलं. सुजलेल्या नसेचं रक्त इतक्या सहज थांबत नाही. धडधाकट नस होती ती, आणि मी सुईसारख्या बारीक फायली घालून ती ओढून काढली. चांगलं काम केलं बरं का मी. तिन्ही कॅनल शेवटपर्यंत साफ केले. एक्स-रे बघून हेड म्हणाले, "ब्यूटिफुल."

त्या शब्दाने आजही पोटात ढवळतं.

हे असं का होतं, तर दर सोमवारी मीटिंग असायची. पडद्यावर प्रत्येक डॉक्टरचं नाव आणि समोर आकडा: किती पेशंट पाहिले, किती 'कन्व्हर्ट' झाले, म्हणजे मोठ्या उपचाराला तयार झाले. तोंड उघडून खुर्चीत बसलेला माणूस 'कन्व्हर्ट' होतो म्हणे! पगार १८,०००. त्याच्यावर जे काही मिळणार ते टार्गेट ओलांडलं तरच. फिलिंग भरून टार्गेट कधीच होत नाही, आरसीटी आणि कॅपनेच होतं. पेशंटला 'गरज नाही' म्हणणारा डॉक्टर त्या पडद्यावर सगळ्यात खाली. मी सलग चार महिने सगळ्यात खाली होते. मग मी वर चढायला लागले. कशी चढले ते तुम्हाला आत्ता सांगितलं.

पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते. दुधाचा दात पडायची वाट न बघता, सगळ्यांच्या मागे, गुपचूप. पुष्कळ आयांना ती कायमची आहे हेच माहीत नसतं. त्या दादांची ती दाढ २८ वर्षं त्यांच्यासोबत होती. पहिलीतल्या डब्यापासून. नस काढली की दाढेचं आतलं पोषण संपतं आणि वरून एवढं कोरलेलं असतं की ती कमकुवत होते. म्हणून तिला चारी बाजूंनी घासून बारीक करायचं आणि कॅप घालायची. घासलेलं परत उगवत नाही. आरसीटीची ज्याला गरज आहे त्याच्यासाठी ती वरदान आहे, रात्रभर गालाला हात लावून बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी झोपतो. मला माझं काम प्रचंड आवडतं. म्हणूनच एवढी चिडलेय.

आता कुणीतरी म्हणणारच, भाडं, मशिनरी, स्टाफ, हे सगळं कुठून काढायचं? मान्य. खुर्चीच लाखांच्या घरात जाते. आणि हेही मान्य की निर्जंतुकीकरणाच्या बाबतीत ते क्लिनिक चोख होतं. प्रत्येक हँडपीस ऑटोक्लेव्हमधून पाकिटात सील होऊन यायचा. काही जुन्या दवाखान्यांत काय चालतं तेही मी पाहिलंय. बस, एवढंच मान्य.

पण सही माझी होती. २०१४ ची आचारसंहिता आम्हाला कॉलेजात शिकवली. कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर माझ्या नावावर आहे. कोऑर्डिनेटरच्या नाही, पडद्याच्या नाही. केस पेपरवर खाली माझं नाव आणि माझा नंबर.

राजीनामा दिला तेव्हा माझं ओरिजनल रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट त्यांच्या कपाटात होतं. जॉइन होताना 'व्हेरिफिकेशनसाठी' घेतलं आणि परत दिलंच नाही. ते मिळवायला तीन आठवडे चकरा मारल्या. शेवटच्या महिन्याचा पगार अजून आलेला नाही. 'टिकत नाहीत' म्हणणाऱ्या सिनिअरना हे कुणी सांगितलंय का? पाच वर्षं शिका, त्यात एक वर्ष इंटर्नशिप, प्रायव्हेट कॉलेज असेल तर बाबांच्या डोक्यावर कर्ज, वर "एमबीबीएसला नंबर नाही लागला वाटतं" ऐकून घ्या. आणि मग १८ हजारांत कुणाच्यातरी निरोगी दाढा फोडा. आणि टिकून दाखवा!

पाणी पिऊन आले. जरा शांत लिहिते.

वाईला आल्याला आज बारावा दिवस. आत्याकडे राहते, नव्या नोकरीच्या दवाखान्यात चालत जाते. सर ६१ वर्षांचे आहेत. पगार १६,०००, म्हणजे दोन हजार कमीच. आज सकाळी भुईंजकडचा एक मुलगा आईसोबत दाढ दाखवायला आला होता, १९ वर्षांचा. दाढ तीच, ३६. कीड खोल, त्या दादांच्यापेक्षा कितीतरी खोल. मी बोळा लावला, कळ आली आणि गेली. माझा हात तिथेच थांबला. सरांना हाक मारली.

सर स्टूल ओढून बाजूला बसले. "कडा स्वच्छ कर. तळाशी थोडी मऊ कीड राहिली तरी चालेल, खरवडत बसलीस तर नस उघडी पडेल. वर औषध ठेव, जीआयसीने, म्हणजे दात भरायच्या सिमेंटने, घट्ट बंद कर. सहा आठवड्यांनी बघू." मुलाच्या आईने पर्समधून पाकीट काढलं. आरसीटी लागेल असं कुणीतरी सांगितलं म्हणून पतसंस्थेतून पैसे काढून आणले होते. सर म्हणाले, "ते राहू द्या वहिनी. आज सातशे झाले." त्या बाई पाकीट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे नस नाही काढायची?"

नाही काढायची. हे दोन शब्द मला त्या दिवशी बोलता आले असते.

ही दाढ उद्या ठणकू शकते, मला माहितीय. तेव्हा आरसीटी करू.

आणि त्या सिनिअरबद्दल. मला त्यांचा राग आला, पण फर्स्ट इयरला हाडांची चित्रं काढून देणारे तेच होते. त्यांनी पाच वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली ते सर बहुतेक माझ्या आत्ताच्या सरांसारखे असतील. असे असतील तर मीही पाच काढीन, दहा काढीन. दादा, तुम्हाला मिळाले ते आमच्यातल्या किती जणांना मिळतात, एकदा विचारून तर बघा ग्रुपवर. अंगठे नका मोजू.

एक गोष्ट राहिली, तीच मला झोपू देत नाही. ते व्हॅनवाले दादा कॅप बसवायला परत आलेच नाहीत. आरसीटीतच पैसे संपले असणार, कॅपचे ६,००० वेगळे होते. कॅपशिवाय तशी दाढ भाकरीच्या कडक पापुद्र्यानेही उभी चिरू शकते, आणि मुळापर्यंत चिरली की काढण्याशिवाय इलाज नाही. त्यांचा नंबर जुन्या क्लिनिकच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझं लॉगिन बंद झालंय. पण व्हॅनवर शाळेचं नाव होतं, ते मला पाठ आहे. पुण्यात माझ्या बॅचमेटचा छोटा दवाखाना आहे, ती कॅप करायला तयार आहे, लॅबचे पैसे मी देणार. शनिवारी सरांनी सुट्टी दिलीय. सकाळच्या सहाच्या एसटीने निघते. शनिवारी शाळा लवकर सुटते, साडेअकरापर्यंत फाटकाशी पोचायला हवं.