पिंजरा कॉपी म्हणे!

परवा फॅमिली ग्रुपवर आमच्या मामेभावाने ठोकून दिलं की 'पिंजरा' ही जर्मन सिनेमाची कॉपी आहे आणि तमाशापट हा काय जॉनर (सिनेमाचा प्रकार) झाला, जॉनर म्हणजे नॉयर (हॉलिवूडचे काळोखे गुन्हेपट), वेस्टर्न. दोन दिवस झाले, डोक्यातून जातच नाहीये.

अरे दादा, नॉयर हे नाव तरी हॉलिवूडने कुठे दिलं, १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षकांनी ते चिकटवलं, तिकडे त्याच सिनेमांना मेलोड्रामा म्हणत होते.

गोष्ट जर्मन सिनेमातून घेतलीय, मान्य. 'द ब्ल्यू एंजल' १९३० चा, आमच्या इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या बाबेल्सबर्ग स्टुडिओत शूट झालेला, शिस्तीचा मास्तर कॅबरेवालीच्या नादी लागतो. पण शेवट बघ ना. तिकडचा मास्तर स्टेजवर कोंबड्यासारखा आरवतो आणि रात्री शाळेत जाऊन आपलं जुनं टेबल गच्च धरून मरतो, एकटा. १९७२ च्या 'पिंजरा'त लागूंचे गुरुजी मेले असं समजून गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि स्वतःच्याच खुनाचा आळ ते मुकाट्याने अंगावर घेतात, का तर गावासमोरचा आदर्श मोडू नये! हा बदल तमाशापटाने घडवला. फड, ढोलकी, पाटील हे सगळं वर दिसणारं, आत भांडण एकच, गावाची इभ्रत आणि फडावरची बाई. सिनेमाचा अभ्यासक रिक अल्टमनने १९८४ मध्ये हेच तर मांडलं, की दिसणारं सामान आणि आतली रचना दोन्ही धरून जॉनर बघा. आपल्या लोकांना ते न वाचताच कळत होतं, 'सांगत्ये ऐका' हा तमाशापट पुण्यात विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे उगाच नाही चालला.

यावर दादाचं उत्तर, "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस." ते लागलं.

कारण इथे जर्मनीत रविवारी रात्री सव्वाआठला टीव्हीवर टाटॉर्ट ही गुन्हेमालिका लागते, सोमवारी ऑफिसात सगळे त्यावर बोलतात, खुनी कोण ते त्यांना अर्ध्यातच कळलेलं असतं. मला इतक्या वर्षांनीही नाही कळत, जर्मन चांगलं येतं तरी. आणि सवाल-जवाब सुरू झाला की पुढची थाप कुठे पडणार हे मला आधीच माहीत असतं, ते कोणी शिकवलेलं नाही. म्हणून तमाशापट जॉनर नाही म्हटलं की मला ते सिनेमाबद्दल वाटतच नाही दादा, मला वाटतं माझ्याबद्दल बोलतोयस.