‘खरा आवाज’ हे शब्द मी मागे घेतो

नमस्कार भाऊ,

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवरच्या (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या अ‍ॅम्प्लिफायरवरच्या) माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ४५ डिग्रीच्या नागपुरात घरात ही शेगडी पेटवायची, वीज जाळायची, ४०० व्होल्ट पोरांच्या हाताशी ठेवायचे, आणि पाच हजारांच्या चिप अ‍ॅम्पपेक्षा जास्त डिस्टॉर्शन (मूळ आवाजात पडणारा बिघाड) असलेल्या आवाजाला ‘खरा आवाज’ म्हणायचं, हा जुन्या आठवणींचा शौक आहे, आवाजाचा नाही.

‘खरा आवाज’पासूनच सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. लेखात मी ते शब्द भरात लिहिले. मोजमापाला लावलं तर तुमचा चिप अ‍ॅम्प माझ्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पपेक्षा अचूक निघेल, आणि तो निकाल मला मान्य आहे.

मात्र व्हॉल्व्हचा गोडवा म्हणजे दुसऱ्या हार्मोनिकची (मूळ सुराच्या दुप्पट कंपनांच्या सुराची) भेसळ, हे तुमचं वाक्य माझ्या अ‍ॅम्पला लागू होत नाही. ते साधारण एकाच व्हॉल्व्हवर चालणाऱ्या सिंगल एंडेड अ‍ॅम्पचं वर्णन झालं. माझा पुश-पुल आहे, प्रत्येक चॅनलला ईएल ३४ या व्हॉल्व्हची एक जोडी. जोडीतले दोन व्हॉल्व्ह उलटसुलट चालतात आणि त्यांचे सम हार्मोनिक (दुसरा, चौथा वगैरे) स्पीकरआधीच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बहुतांशी एकमेकांना खोडतात. ठळक उरतो तो तिसरा. मूळ सूर षड्ज धरला तर तिसरा हार्मोनिक म्हणजे तार सप्तकातला पंचम, आणि पाचवा म्हणजे तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा तो स्वयंभू गंधार. हे सूर गळ्यात आणि तारेत आधीच असतात, म्हणून त्यांत थोडी भर पडली तर कानाला परकी वाटत नाही. पण डग्ग्याची घुमक आणि गळा एकाच वेळी आले की अ‍ॅम्प दोघांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूरही तयार करतो. त्या सुरांचं रागाशी काही नातं नसतं. त्यामुळे ‘व्हॉल्व्हचं डिस्टॉर्शन संगीतमय असतं’ हेही मी म्हणणार नाही.

मग मला आवडतं ते नेमकं काय? तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर एक प्रयोग केला. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (आतला विजेला होणारा अडथळा) जास्त असतो, माझ्याचा सुमारे २ ओहम. माझ्या स्पीकरचा इम्पीडन्स काही ठिकाणी ४ ओहमपर्यंत उतरतो आणि खर्जातल्या रेझोनन्सपाशी (जिथे स्पीकर आपसूक जास्त थरथरतो तिथे) २० वर चढतो. गणित केलं तर या दोन जागांमध्ये आवाजाचा फरक जवळजवळ पावणेतीन डेसिबल पडतो. म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर मिळून नकळत टोन कंट्रोलच फिरवतात. म्हणून घरातल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला स्पीकरच्या वायरीत २ ओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर जोडला आणि तीच रेकॉर्ड लावली. मला वाटत होता तो ‘व्हॉल्व्हचा’ भरीवपणा बऱ्यापैकी तिथेही आला! इथल्या सीताबर्डीच्या मोदी नंबर दोन या बाजारातून आणलेला रेझिस्टर, किंमत चहाएवढीही नाही. हे कळल्यावर मला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. मला आवडणारी गोष्ट कुठून येते ते आता मी दाखवू शकतो.

पुढचं फक्त माझ्या कानाचं मत आहे. विलंबित ख्याल, सारंगी, जुनी मोनो नाट्यपदं मी व्हॉल्व्हवरच ऐकतो. वसंतराव देशपांड्यांची द्रुत तान मात्र (याच शहरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेला गळा) ट्रान्झिस्टरवर जास्त मोकळी, दाणा न् दाणा वेगळा ऐकू येते. दोन्ही अ‍ॅम्प घरात आहेत, दोन्ही वापरतो.

आता उष्णता. ईएल ३४ चं फिलॅमेंट (आतली तापणारी तार) ६.३ व्होल्टवर दीड अ‍ॅम्पियर घेतं. चार व्हॉल्व्हचे नुसते तापायला सुमारे ३८ वॅट. गाणं न लावताही माझा अ‍ॅम्प एकूण १५० वॅट ओढतो. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो, म्हणजे खोलीत दीड माणूस वाढला. थंडीत तो पाहुणा हवासा असतो, मे महिन्यात नाही. म्हणून अक्षय तृतीयेपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत माझा अ‍ॅम्प कापडाखाली असतो. हे लेखात लिहायला हवं होतं, राहिलं. तसंही कूलर चालू असताना हलक्या आवाजातलं गाणं कुठे ऐकू येतं! आणि ज्यांना उन्हाळ्यातही लावायचाच आहे त्यांनी कूलरचा झोत अ‍ॅम्पवर येऊ देऊ नये. तापलेल्या काचेवर थेंब उडाला तर काच तडकते.

विजेचं म्हणाल तर रोज तीन तास धरून महिन्याला साडेतेरा युनिट होतात. तुमच्याआमच्या कूलरपुढे ते फार नाहीत. मला खरी काळजी व्होल्टेजची आहे. आमच्या भागात रात्री अकरानंतर मीटरवर २५० च्या पुढचा आकडा मी पाहिलाय. माझा ट्रान्सफॉर्मर २२० चा आहे. २५० आले की ६.३ च्या जागी फिलॅमेंटला ७ च्या वर व्होल्ट मिळतात, आणि ईएल ३४ ला दहा टक्क्यांपलीकडे चढउतार सोसत नाही. स्टॅबिलायझर घेतल्यापासून ती धाकधूक संपली.

पोरांचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि त्यावर तुम्ही रागावलात ते योग्यच. दोन वर्षांपूर्वी गाणं चालू ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो होतो. परत आलो तेव्हा एका व्हॉल्व्हची करडी प्लेट मधोमध लालभडक झालेली. ताबडतोब स्विच बंद केला. नंतर कळलं की व्हॉल्व्हला सिग्नल पोचवणारा एक कपलिंग कपॅसिटर गळत होता, म्हणजे नको ते डीसी व्होल्टेज पुढे सोडत होता. त्यामुळे करंटला आवर घालणारा, ग्रिड या जाळीवरचा ऋण बायस (उणे व्होल्टेज) गेला आणि व्हॉल्व्हमधून बेसुमार करंट वाहिला. काही रुपयांच्या कपॅसिटरपायी व्हॉल्व्ह गेला, आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही गेला असता. तेव्हापासून अ‍ॅम्प चालू ठेवून मी खोली सोडत नाही. वर जाळीचं झाकण आहे, ते स्क्रूने बसवलंय. भाची घरी आली की प्लगच काढून ठेवतो. खालचं झाकण उघडायची वेळ आली तर बंद करून लगेच हात घालत नाही, कारण वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. आधी रेझिस्टरने ते उतरवायचे, मग मीटर लावून शून्य झालंय का ते बघायचं. ज्याला हे येत नाही त्याने झाकण उघडू नये. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर गाणं लावू नये. भार नसला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये उठणारं व्होल्टेज त्याचं वाइंडिंग जाळू शकतं.

आठवणींच्या शौकाबद्दल एवढंच, की माझ्या जन्माआधीच घराघरात ट्रान्झिस्टर पोचला होता. व्हॉल्व्हचा रेडिओ मी कधी चालू पाहिलेला नाही. मला हे यंत्र आवडतं त्याचं दुसरं कारण म्हणजे ते दुरुस्त होतं. तो कपॅसिटर मी स्वतः शोधला आणि बदलला. त्याआधीचा माझा चिप अ‍ॅम्प बंद पडला तेव्हा तीन दुकानांत एकच उत्तर मिळालं: बोर्डच बदला, आणि बोर्ड येत नाही.

लेखातली ‘खरा आवाज’ ही ओळ काल रात्री काढली. उन्हाळ्याचा आणि जाळीचा परिच्छेद घातला. रेझिस्टरचा प्रयोग तुम्हीही करून बघा, पण दोन्ही वेळा आवाज कानाने जुळवू नका. ४०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज सारखं करून घ्या. थोडा मोठा आवाज आपल्याला नेहमी जास्त चांगला वाटतो, आणि पहिल्या खेपेला मीही तिथेच फसलो होतो. तुमच्या स्पीकरवर काय ऐकू आलं ते इथेच खाली लिहा.