‘स्टेअर’मध्ये राग असतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्टेअर’ (stare) आणि ‘गेझ’ (gaze) या पाहण्याच्या इंग्रजी शब्दांचे अर्थ मी दिले होते, त्यावर तुमचे आक्षेप दोन. ‘स्टेअर’ला दिलेला ‘टक लावून पाहणे’ हा अर्थ मिळमिळीत आहे, तिथे ‘रागाने रोखून पाहणे’ हवं होतं. आणि कोशात जवळपास एकच अर्थ असताना ‘गेझ’ वेगळा काढायची गरज नव्हती.

आधी रागाचं बघू. शून्यात नजर लावून बसलेल्या माणसाला इंग्रजीत ‘स्टेअरिंग इन्टू स्पेस’ म्हणतात. तो कुणावर रागावलाय? अनोळखी पाहुण्याकडे टकामका बघणारं मूलही ‘स्टेअर’च करतं. शब्दात आहे ते एवढंच: डोळे सताड उघडे आणि नजर खिळलेली. त्याचं मूळही ताठरपणा दाखवणाऱ्या जुन्या जर्मानिक शब्दांत आहे. जर्मनमध्ये ‘श्टार’ म्हणजे आजही ताठ. राग दाखवायचा तर ‘अँग्रिली’ जोडावं लागतं, नाहीतर सरळ ‘ग्लेअर’ वापरावं. आपलं डोळे वटारणं ते हेच. आ वासून बघणं ‘गेप’, आणि नीट दिसत नाही म्हणून डोळे बारीक करून बघणं ‘पिअर’.

तुम्हाला जे खटकतं ते मात्र खोटं नाही. माणसाकडे असं बघणं इंग्रजी रिवाजात असभ्य, म्हणून मुलांना ‘इट्स रूड टु स्टेअर’ शिकवतात. लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीत तर 2021 च्या मोहिमेत फलक लागले, की लैंगिक हेतूने असं टक लावून बघणं हा छळ आहे. पण तो दोष कृतीला चिकटतो, शब्दाच्या अर्थात राग घुसत नाही.

‘गेझ’मध्ये पाहणारा रमलेला असतो: चांदणं, समुद्र, प्रिय माणसाचे डोळे. प्रेमपत्रात तिथे ‘स्टेअर’ लिहिलंत तर व्याकरण चुकणार नाही, वाचणारी दचकेल. नाम म्हणून मात्र ‘गेझ’ इतका गोड राहिलेला नाही. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांच्या 1975 च्या निबंधापासून ‘मेल गेझ’ म्हणजे बाईला बघण्याची वस्तू मानणारी पुरुषी नजर.

खरी गफलत होते ती ‘ॲट’ची. ‘माझ्याकडे’ मनात ठेवून ‘स्टेअर्ड टु मी’ लिहिलं जातं, किंवा नुसतं ‘स्टेअर्ड मी’. हवं ‘स्टेअर्ड ॲट मी’. कर्मणी प्रयोगातही ‘ॲट’ सुटत नाही: ‘आय हेट बीइंग स्टेअर्ड ॲट’. तो गळतो ठरावीक जागी. ‘शी स्टेअर्ड हिम डाउन’ म्हणजे नजर रोखून तिने त्याला नजर खाली घालायला लावली. ‘द आन्सर वॉज स्टेअरिंग मी इन द फेस’ म्हणजे उत्तर डोळ्यांसमोरच होतं, दिसत नव्हतं.

आणि स्पेलिंग. ‘आयएनजी’ लावताना शेवटचा ‘ई’ जातो, ‘आर’ एकच राहतो. दोन ‘आर’ पडले की ते ‘स्टारिंग’, म्हणजे सिनेमात प्रमुख भूमिका करणं. तोही खरा शब्द असल्यामुळे संगणकाची साधी स्पेलिंग-तपासणी तो बिनबोभाट पुढे जाऊ देते.