तारीख ओळीची, भांडण रकान्याचं

खानदेशात छोट्या व्यापाऱ्यांना सॉफ्टवेअर करून देणाऱ्या आपल्या मंडळींत एक सल्ला फिरतोय: "टेबलात 'शेवटचा बदल' हा कॉलम टाका, डेटाबेस सगळं आपोआप सांगतो. फार तर फॉर्ममधून तारीख टाका. ट्रिगरच्या भानगडीत पडू नका, सिस्टीम मंदावते." ट्रिगर म्हणजे ओळ बदलताच डेटाबेस स्वतःहून चालवतो तो छोटा प्रोग्रॅम. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो.

'आपोआप सांगतो' हे अर्धंच खरं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये कॉलमला 'ऑन अपडेट करंट टाइमस्टॅम्प' लावलं की ओळीतलं काहीही बदललं तरी तारीख बदलते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तर तेवढ्यासाठीही ट्रिगरच लागतो. काय बदललं, ते दोन्हीकडे कळत नाही. समजा, रावेरच्या केळी व्यापाऱ्याकडे एका शेतकऱ्याने मार्चमध्ये बँक खातं बदलून घेतलं. हिशेबनीसाने फेब्रुवारीत काढलेल्या यादीवरून एप्रिलचे पैसे सोडले. ते जुन्या खात्यात गेले. जूनमध्ये कोणी गावाचं 'ऐनपुर' सुधारून 'ऐनपूर' केलं. आता शेतकरी जाब विचारायला आला, तर स्क्रीन म्हणणार, बदल जूनचा. खरं बोलणारा माणूस खोटा ठरला!

फॉर्ममधून तारीख टाकाल, पण एक्सेलमधून यादी चढवली किंवा कोणी थेट क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) चालवली, की फॉर्म बाजूलाच राहतो.

म्हणून ट्रिगर हवा, आणि तो नीट लिहायला हवा. खाते क्रमांक, आयएफएससी, मोबाइल अशा मोजक्या रकान्यांना स्वतःची तारीख द्या आणि जुनी-नवी किंमत (म्हणजे रकान्यातली नोंद) ताडून मगच ती बदला. साध्या 'समान नाही'च्या चिन्हाने (!=) ताडू नका. आधीचा रकाना नल (NULL, म्हणजे काहीच न भरलेला) असेल तर उत्तरही नलच येतं, अट लागत नाही आणि खातं पहिल्यांदा भरल्याची तारीखच सुटते. पोस्टग्रेसमध्ये 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' वापरा, मायएसक्यूएलमध्ये '<=>' उलटवून. पोस्टग्रेसचं 'अपडेट ऑफ' आणि एसक्यूएल सर्व्हरचं 'अपडेट()' यांवरही विसंबू नका. रकाना क्वेरीत आला एवढंच ते बघतात, किंमत तीच असली तरी. 'सेव्ह' दाबल्यावर सगळे रकाने पाठवणारा फॉर्म असेल, तर प्रत्येक वेळी खोटी तारीख पडेल.

मंदावण्याचं म्हणाल, तर दिवसभराच्या हातनोंदींत तीन-चार रकाने ताडल्याने काही जाणवत नाही.

पूर्ण इतिहास हवा असेल तर एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून टेम्पोरल टेबल (ओळींच्या जुन्या प्रती आपोआप जपणारी टेबलं) आहेत, मारियाडीबीत १०.३ पासून तशीच सोय आहे. पण तिथेही जपली जाते ती अख्ख्या ओळीची जुनी प्रत. कोणता रकाना कधी बदलला, हे लागोपाठच्या प्रती ताडूनच काढावं लागतं.