ओल्या लाकडाचा धंदा

आमची जळाऊ लाकडाची वखार आहे, कळव्याला खारेगावच्या बाजूला, खाडी इतकी जवळ की घरातलं मीठ मे महिन्यात पण ओलंच. लोक विचारतात आता घरोघरी गॅस, लाकडं घेतं कोण? घेतात ना. पावाची भट्टीवाले, येऊरला चुलीवरचं मटण विकणारे, हळदीचे आचारी, घोडबंदर रोडचा एक पिझ्झावाला आणि स्मशान.

आमचं गणित सोपं असतं. पावसात मुरबाड-शहापूरकडच्या कच्च्या रस्त्यांवरून लाकडाचा ट्रक निघत नाही, ट्रक रुतला की ट्रॅक्टर, ट्रॅक्टर रुतला की जेसीबी, म्हणून मेअखेरपर्यंत माल भरायचा, फोडायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा आणि आगोटीला ताडपत्री टाकून मोकळं व्हायचं. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख 11 जून. बाबा म्हणत होते ताडपत्र्या आत्ताच आण, मी म्हटलं 1 जूनला आणतो, घाई काय आहे.

2025 ला तो 26 मेलाच आला. इतक्या लवकर आल्याची नोंदच नाही म्हणे. त्याआधी पण मेभर वळीव म्हणून येऊन माल भिजवतच होता. बाबा काही बोलले नाहीत, फक्त छत्री उघडून ढिगाकडे बघत उभे राहिले. बोलले असते तर परवडलं असतं.

मग मी धावत जाऊन ताडपत्र्या आणल्या आणि सगळा ढीग चारी बाजूंनी असा गुंडाळला की पार्सलच. आठवड्याने उघडला तर आत इडलीपात्र! वाफ, बुरशी आणि बाभळीच्या ओंडक्यावर कुत्र्याच्या छत्र्या. फक्त वरून झाकायचं असतं, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवायच्या असतात, हे बाबांना माहीत होतं. मी विचारलं नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल लाकूड किलोवर विकतात, ओलं म्हणजे जड, म्हणजे आमची चांदी. मला पण दोन दिवस तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण काट्यावरच्या 100 किलोत 30-35 किलो नुसतं पाणीच असेल तर आग आधी ते पाणी उकळत बसते, पातेल्यातलं मटण नंतर. तेवढ्यात एक हळद होती. रात्री साडेनऊला आचाऱ्याचा फोन, "दादूस, ही लाकरं का ऊस रं? पानी गलतंय नुसतं!" गेलो तर खरंच, फाट्याच्या टोकांतून फसफसून बुडबुडे येतायत, जाळ नाही, धूर मात्र अख्ख्या मांडवभर आणि नवरीची आत्या, मामी, शेजारीण सगळ्या डोळे पुसतायत. पाठवणी दुसऱ्या दिवशी होती. शेवटी डिझेल ओतून पेटवलं, मटण रात्री एकला झालं, पैसे निम्मे मिळाले आणि मटणाला पेट्रोल पंपाचा वास होता असं अजून कळव्यात सांगतात.

पिझ्झावाला तर त्याहून भारी. त्याने ऑनलाइन ओल मोजायचं मीटर मागवलं, पुढे दोन खिळे असलेलं, ते लाकडात खुपसून म्हणतो, "20 च्या वर चालणार नाही, हे 34 आहे." बाबांची पद्धत म्हणजे दोन फाटी एकमेकांवर आपटायची, टणटण वाजली तर सुकी, थपथप वाजली तर परत ढिगात. बाबा म्हणाले, "बघू ते यंत्र," आणि घेऊन त्यांनी ते वखारीच्या लाकडी दाराला टोचलं, जे दार आजोबांनी बसवलंय. 29 आलं. "आता बोल. हे दार काय काल तोडून आणलंय?" पिझ्झावाल्याने निमूट दोन पोती नेली, पण नंतर गॅसचा ओव्हन घेतला.

जुलैत मी शेडमध्ये दोन मोठे पंखे लावले, लाकडं आडवी-उभी जाळीसारखी रचली, चांगली हवा खेळायला लागली. लाईट बिल बघून बाबा परत छत्री उघडतील असं वाटलं. पण वारा सुटलेली कोरडी जागा आहे ही बातमी चाळीत पोचली. आधी शेजारच्या काकू दोन चादरी घेऊन आल्या, मग त्यांच्या सुनेची बाळोती, मग अख्ख्या मजल्याच्या जीन्स, जीन्स काय पावसाळ्यात एकदा भिजली की गणपतीपर्यंत वाळत नाही. नाही कसं म्हणणार, वर्षानुवर्षांचे शेजारी.

परवा एक नवीन गिऱ्हाईक गेटमधून आत डोकावलं. चार दोऱ्यांवर कपडे, खाली पंखे, मागे कुठेतरी लाकडं.

"काय हवंय?" मी विचारलं.

"इस्त्रीचे किती घेता?"